‘पाठवला होता’ म्हणजे ‘हॅड सेंट’ नाही का? इंग्रजी वाक्यात टेन्स नक्की कशावरून ठरवायचा

अर्धविराम

नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारायचं होतं, आता एक प्रकार घडला म्हणून धागाच काढतोय. कामाच्या निमित्ताने मला रोज इंग्रजीत मेल लिहावे लागतात, समोरची माणसं दुसऱ्या देशातली. सोमवारी मी एका बाईंना रिपोर्ट पाठवला, बुधवारपर्यंत काहीच उत्तर नाही म्हणून आठवण करून द्यायला लिहिलं, ‘आय हॅड सेंट द रिपोर्ट ऑन मंडे.’ माझ्या मनात सरळ होतं की बाई, सोमवारी रिपोर्ट पाठवला होता, बघितलात का. त्यांचं उत्तर आलं की मग त्यानंतर काय झालं, काही बदल झालाय का, नवीन रिपोर्ट येणार असेल तर मी थांबते. आणि त्या खरंच थांबल्या, दोन दिवस गेले त्यात.

मी ते वाक्य दहादा वाचलं. स्पेलिंग बरोबर, व्हर्बचं तिसरं रूप बरोबर. शेवटी एका सहकाऱ्याने सांगितलं की नुसतं ‘आय सेंट’ हवं होतं. का ते त्यालाही सांगता येईना, म्हणाला कानाला तसं लागतं.

शाळेत बारा टेन्सचा तक्ता मला पाठ होता, आजही झोपेतून उठवून विचारलंत तरी म्हणून दाखवेन. गाळलेल्या जागांमध्ये माझे मार्क कधी गेले नाहीत, पण तिथे वाक्य आयतं असायचं आणि कंसात व्हर्ब दिलेलं असायचं. स्वतःचं वाक्य लिहायला बसलो की बारापैकी कोणता हे ठरवायचं कशावरून तेच कुणी शिकवलं नाही. तुम्ही स्वतः लिहिताना कसं ठरवता ते सांगा, मला खरंच शिकायचंय.

काजवा

फार महत्त्वाचा विषय काढलात. मी भाषांतराचं काम करते आणि मराठी माणसाच्या इंग्रजीत मला सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त करावी लागणारी गोष्ट हीच, नको तिथे आलेला ‘हॅड’.

मूळ गडबड त्या तक्त्यातच आहे. तक्त्यात पूर्ण भूतकाळासमोर ‘मी पाठवला होता’ आणि शेजारी ‘आय हॅड सेंट’ असं छापलेलं असतं, म्हणून आपण धरून चालतो की होता म्हणजे हॅड. पण मराठीत ‘होता’ आपण किती सहज लावतो बघा. ‘तो काल आला होता.’ ‘मी हे पुस्तक वाचलं होतं.’ ‘तिने मला फोन केला होता.’ यात दुसरी कुठलीही घटना नाही, फक्त गोष्ट घडून गेली, आता मागे पडली, एवढंच सांगायचंय. मराठीत हे वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहतं.

इंग्रजीतला ‘हॅड’ एकटा उभा राहत नाही. त्याला भूतकाळातलीच दुसरी एक घटना टेकायला लागते, जी नंतरची असते. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’, इथे माझं पोचणं ही टेकायची घटना, आणि गाडी त्याच्याही आधी गेलेली, प्लॅटफॉर्म रिकामा. आता हॅड काढा, ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट.’ चित्रच बदललं, आता मी पोचलो आणि माझ्या डोळ्यांसमोर गाडी हलली. एका शब्दाने रिकाम्या प्लॅटफॉर्मवर गाडी आणून उभी केली.

तुमच्या मेलमध्ये त्या बाईंनी ‘हॅड सेंट’ वाचलं आणि त्यांचं मन आपोआप पुढची घटना शोधायला लागलं, की पाठवला होता, पण मग? ती वाक्यात नव्हती म्हणून त्यांनी विचारली. त्यांचं वाचन अगदी बरोबर होतं.

मी स्वतः काय करते तर हॅड लिहिला की थांबते आणि नंतरची घटना बोटाने दाखवते. दाखवता आली नाही की हॅड खोडते. आणि ‘बिफोर’, ‘आफ्टर’ असे शब्द असतील तर आधी-नंतर त्यांनीच सांगितलेलं असतं, तिथे साधा भूतकाळ चालतो, ‘आय लॉक्ड द डोअर बिफोर आय लेफ्ट’ म्हटलं की झालं.

सायंतारा

काजवा ताई, रिकाम्या प्लॅटफॉर्मचं उदाहरण डोक्यात पक्कं बसलं, थँक्यू!

मग माझी पण एक शंका. ‘केलंय, पाठवलंय, झालंय’ हे सगळं तरी ‘हॅव’ ना? कारण मी लिहिलं होतं ‘आय हॅव कम्प्लीटेड इट येस्टरडे’ आणि त्याखाली लाल रेघ आली. कालच केलंय म्हणजे पूर्ण झालंय ना, मग पूर्ण वर्तमानकाळ का नको?

शब्दखूण

सायंतारा, इथे पण तीच चोरवाट आहे. मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवते आणि माझ्या वर्गात हा प्रश्न दर वर्षी येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मराठीत ‘मी ते कालच केलंय’ हे एकदम शुद्ध वाक्य आहे. ‘केलंय’ आणि ‘काल’ शेजारी शेजारी नांदतात. इंग्रजीत ‘हॅव’ला संपलेल्या वेळेचं वावडं आहे. येस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१५, व्हेन आय वॉज अ चाइल्ड, यातलं काहीही वाक्यात आलं की हॅव बाहेर. टुडे, धिस वीक, सो फार, यट, एव्हर, नेव्हर यांच्याबरोबर तो छान बसतो कारण ती वेळ अजून बंद झालेली नाही. म्हणून ‘आय हॅव कम्प्लीटेड इट’ हे बरोबर, ‘आय कम्प्लीटेड इट येस्टरडे’ हेही बरोबर, दोन्हींची खिचडी चूक.

पण फक्त शब्द बघून ठरवू नका, कारण बऱ्याचदा वेळेचा शब्द वाक्यात नसतोच. वर्गात मी मेरी क्यूरींचं उदाहरण देते. त्यांना १९०३ साली आणि परत १९११ साली नोबेल मिळालं. आज त्यांच्याबद्दल लिहिताना ‘मेरी क्यूरी वन टू नोबेल प्राइझेस’ असंच लिहायचं. ‘हॅज वन’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं बाई हयात आहेत, अजून एखादं मिळूही शकेल. त्या १९३४ मध्ये गेल्या, त्यांचा हिशोब पूर्ण झाला. जिवंत शास्त्रज्ञाबद्दल मात्र ‘शी हॅज वन टू प्राइझेस’ एकदम योग्य, तिचं खातं चालू आहे. वेळेचा एकही शब्द नाही, तरी टेन्स ठरला, आणि तो ठरला माणूस आहे की नाही यावरून.

हेच नोकरीच्या अर्जात फार महाग पडतं. ‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर फोर इयर्स’ म्हटलं तर समोरचा समजतो अजून तिथेच आहात. ‘आय वर्क्ड देअर फॉर फोर इयर्स’ म्हणजे सोडली. माझ्या एका विद्यार्थिनीला इंटरव्ह्यूमध्ये या एका हॅवमुळे विचारलं गेलं की सध्याच्या ठिकाणी नोटीस किती दिवसांची आहे, आणि ती तर नोकरी सोडून घरी बसलेली. ती गोंधळली, समोरच्यांना वाटलं काहीतरी लपवतेय. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं कारण मीच तिला तक्ता पाठ करायला लावला होता.

निळाशार

वाह, मेरी क्यूरींचं उदाहरण मी चोरणार!

थोडं तर्काच्या बाजूने लिहितो, ज्यांना आवडेल त्यांनी वाचा. हान्स रायखेनबाख नावाचा तत्त्वज्ञ होता, त्याने १९४७ मध्ये हा गुंता तीन बिंदूंवर सोडवला. एक, तुम्ही बोलताय तो क्षण. दोन, गोष्ट घडली तो क्षण. आणि तीन, ज्या क्षणाबद्दल तुम्ही बोलताय, म्हणजे जिथे उभं राहून तुम्ही त्या गोष्टीकडे बघताय तो क्षण. आपण पहिले दोन धरतो आणि तिसरा विसरतो, तिथेच सगळं चुकतं.

‘आय सेंट’ मध्ये मी मनाने सोमवारी उभा आहे, पाठवणंही सोमवारीच. ‘आय हॅव सेंट’ मध्ये मी आज उभा आहे आणि मागे वळून बघतोय, रिपोर्ट गेलेला आहे, आता तुमच्याकडे आहे. ‘आय हॅड सेंट’ मध्ये मी मधल्याच कुठल्यातरी दिवशी, समजा मंगळवारी उभा आहे आणि तिथून सोमवारकडे बघतोय. तिन्ही वाक्यांत पाठवायची वेळ एकच आहे, सोमवार सकाळ. घटना हलली नाही, उभं राहायची जागा हलली.

म्हणून ‘कधी घडलं’ हा प्रश्न विचारून टेन्स निवडता येत नाही. ‘मी कुठे उभा आहे’ हे विचारावं लागतं. आणि हॅव बरोबर येस्टरडे का चालत नाही तेही यातच आलं, कारण हॅव म्हणजे आज उभा आहे आणि येस्टरडे म्हणतो काल उभा राहा, एका वेळी दोन ठिकाणी कसं उभं राहणार.

अर्धविराम

निळाशार, हे ‘कुठे उभा आहे’ माझ्यासाठी सगळ्यात मोठं आहे. मी आयुष्यभर ‘कधी’ विचारत आलो. शब्दखूण ताई, नोकरीचं उदाहरण वाचून जरा घाबरलोच, माझ्या अर्जात असंच लिहिलंय, आजच बदलतो.

वाटसरू

+१ धाग्याला. माझी जुनी चूक सांगतो, ‘डिड यू वेंट’, ‘आय डिडन्ट सॉ’. भूतकाळ आहे म्हणून दोन्हीकडे भूतकाळ. मग एकाने समजावलं की भूतकाळाचं ओझं वाक्यात एकानेच उचलायचं, डिडने उचललं की पुढचं व्हर्ब मोकळं, गो, सी. तेव्हापासून एकदाही चुकलो नाही.

पानगळ

मला इंग्रजीपेक्षा मराठी व्याकरणात रस आहे म्हणून त्या बाजूने लिहितो, कारण मला वाटतं आपलं अर्ध उत्तर आपल्याच भाषेत आहे आणि आपण तिकडे बघत नाही.

आपण शाळेत ‘आला, गेला, केलं’ याला भूतकाळ म्हणायला शिकतो. आता ही वाक्यं बघा. कुणी हाक मारली की आपण बसल्या जागेवरून म्हणतो ‘आलो आलो!’ आलेलो नसतो, अजून उठलेलोही नसतो. ‘उद्या पाऊस आला तर मी येणार नाही.’ उद्याचा पाऊस, आणि रूप ‘आला’. ‘तो पोचला की मला सांग.’ पोचायचाय अजून. म्हणजे हे ला-वालं रूप काळ दाखवतच नाही, ते दाखवतं की क्रिया पुरी झाली, मग ती काल पुरी होवो की उद्या. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या व्याकरणात या रूपाला लाख्यात असं नाव आहे, रूपाचं नाव वेगळं आणि त्याचा काळ वेगळा. फार शहाणपणाचं काम आहे ते, रूप बघून लगेच भूतकाळ म्हणायचं नाही.

आता इंग्रजीत याच जागी काय येतं? साधा वर्तमानकाळ. ‘इफ इट रेन्स टुमॉरो, आय वोन्ट कम.’ ‘टेल मी व्हेन ही अराइव्ह्ज.’ आपण काय करतो, भूतकाळ तर लिहित नाही कारण उद्याचं आहे हे कळतं, मग भविष्य म्हणून विल टाकतो, ‘इफ इट विल रेन’, ‘व्हेन ही विल अराइव्ह’. दोन्ही चूक. लक्षात ठेवायला सोपं आहे, मराठीत ‘आला तर’ किंवा ‘आला की’ असं उद्याबद्दल म्हणत असाल तर इंग्रजीत त्या तुकड्यात विल नको, साधा वर्तमान. विल फक्त दुसऱ्या तुकड्यात.

आणि मराठीत ‘आला असता तर’ म्हणत असाल, म्हणजे आलाच नाही, तर मग हॅड येतो, ‘इफ ही हॅड कम, आय वुड हॅव टोल्ड हिम.’ इथे हॅड बरोबर आहे, हॅडला अगदी हद्दपार करू नका!

सायंतारा

‘आलो आलो’ हे मी दिवसातून वीस वेळा म्हणते आणि कधीच लक्षात आलं नव्हतं की हा भूतकाळ आहे. अंगावर काटा आला खरंच.

वळणवाट

सगळं वाचलं, छान चाललंय, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. मी अमेरिकन लोकांबरोबर काम करते आणि ती माणसं सर्रास ‘डिड यू सी इट यट?’, ‘आय जस्ट सेंट इट’, ‘आय ऑलरेडी डिड’ असं बोलतात. शब्दखूण ताईंच्या नियमाने यट आणि जस्ट बरोबर हॅव पाहिजे. मग ते चुकतात का? मला वाटतं शिकणाऱ्याला इतकं घाबरवू नये, नाहीतर माणूस तोंडच उघडत नाही. मी स्वतः दोन वर्षं मीटिंगमध्ये गप्प बसले आहे, फक्त टेन्स चुकेल या भीतीने.

शब्दखूण

वळणवाट, तुमचं म्हणणं मान्य आहे आणि ते दोन वर्षं गप्प बसण्याचं वाचून वाईट वाटलं. अमेरिकन बोलण्यात जस्ट, यट, ऑलरेडी यांच्याबरोबर साधा भूतकाळ चालतो, ती चूक नाही, ब्रिटिश पद्धतीत तिथे हॅव जास्त वापरतात, एवढाच फरक. पण उलटं बघा, ‘आय हॅव सेंट इट येस्टरडे’ असं अमेरिकन माणूसही म्हणणार नाही आणि ब्रिटिशही नाही. म्हणून मी मुलांना सांगते की शंका असेल तेव्हा साधा भूतकाळ घ्या, त्यात सगळ्यात कमी नुकसान आहे. अर्धविराम यांनी ‘आय सेंट’ लिहिलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

बोलताना खुशाल चुका. लेखी कागदावर मात्र, जिथे समोरचा तुम्हाला परत विचारू शकत नाही, तिथे जपा.

मुक्काम

एक ‘सिन्स’बद्दल पण कुणीतरी लिहा. मी ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असंच म्हणतो आणि लोक दुरुस्त करतात.

काजवा

मुक्काम, मराठीत ‘मी इथे पाच वर्षं राहतोय’, चालू वर्तमान, म्हणून ‘ॲम लिव्हिंग’ सुचतं. पण पाच वर्षं मागून आजपर्यंत आलेली लांब दोरी आहे, इंग्रजीला त्या दोरीची दोन्ही टोकं हवीत, म्हणून ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर’. पुढे किती वेळ ते सांगायचं असेल तर फॉर, ‘फॉर फाइव्ह इयर्स’. कधीपासून ते सांगायचं असेल तर सिन्स, ‘सिन्स २०१९’. आपल्याकडे ‘पाच वर्षांपासून’ आणि ‘२०१९ पासून’ दोन्हीकडे पासूनच येतं ना, तिथे पाय घसरतो.

जाता जाता, ‘आय ॲम हॅविंग अ डाऊट’, ‘आय ॲम नॉट नोइंग’ हेही याच घरातलं. माहीत असणं, आवडणं, जवळ असणं या चालू क्रिया नाहीत, स्थिती आहेत, त्यांना आयएनजी लावायचं नाही. हॅवचा अर्थ बदलला की लागतो, ‘वी आर हॅविंग अ मीटिंग’ बरोबर आहे कारण मीटिंग चालू आहे.

मुक्काम

दोरीची दोन टोकं, समजलं. आता भविष्याचं पण विचारून घेतो. ‘मी बघतो’ याला काय म्हणायचं? आय सी?

पानगळ

हाहा, हा प्रश्न भारी आहे, आणि फार खोलात जाणारा आहे.

फोन वाजतोय, तुम्ही म्हणता ‘थांब, मी घेतो’. रूप वर्तमानकाळाचं, अर्थ की आत्ता या क्षणी ठरवलं आणि आता करणार. इंग्रजीत ‘आय टेक इट’ म्हटलं तर रोज मीच घेतो अशी सवय ऐकू येते. तिथे विल पाहिजे, ‘आय विल गेट इट’. तसंच ‘मी बघतो’ म्हणजे ‘आय विल चेक’, ‘मी उद्या कळवतो’ म्हणजे ‘आय विल लेट यू नो टुमॉरो’. बोलता बोलता घेतलेला निर्णय म्हणजे विल.

आधीच ठरलेलं असेल तर ‘गोइंग टू’. ‘मी ही नोकरी सोडणार आहे’, ‘आय ॲम गोइंग टू लीव्ह धिस जॉब’. किंवा समोर दिसतंय त्यावरून सांगताना, आभाळ भरून आलंय, ‘इट इज गोइंग टू रेन’. आणि वेळ, माणूस, जागा सगळं पक्कं झालं असेल तर चालू वर्तमान, ‘आय ॲम मीटिंग हर ऑन फ्रायडे’. गाड्यांचं वेळापत्रक असेल तर साधा वर्तमान, ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स’, कारण ते कुणाच्या मनावर नाही, छापलेलं आहे.

इंग्रजी व्हर्बला स्वतःचं असं भविष्यकाळाचं रूपच नाही बघा. वॉक आणि वॉक्ड, गो आणि वेंट, व्हर्ब स्वतः बदलतं ते एवढंच. आपल्याकडे ‘जाईन’ हा एक अख्खा शब्द आहे. त्यांच्याकडे तो नाही, म्हणून भविष्य दाखवायला ते चार-पाच वाटांनी जातात आणि प्रत्येक वाट थोडी वेगळी बोलते. ही कमतरता नाही, मला तर ती श्रीमंती वाटते.

अर्धविराम

मंडळी, आता धीर करून माझा आजचा मेल इथे टाकतो. अजून पाठवला नाहीये. जिथे चुकलंय तिथे सांगा.

‘आय ॲम वर्किंग ऑन धिस सिन्स टू वीक्स. आय हॅड सेंट द फर्स्ट ड्राफ्ट ऑन मंडे. आय हॅव स्पोकन टू द डिझायनर येस्टरडे अँड शी टोल्ड दॅट शी विल फिनिश द पिक्चर्स बाय फ्रायडे. व्हेन शी विल सेंड देम, आय फॉरवर्ड देम टू यू.’

(हा मी धागा वाचायच्या आधी लिहिला होता, तसाच ठेवलाय मुद्दाम, म्हणजे सगळ्यांना उपयोग होईल.)

सायंतारा

मी करून बघू का? पहिलं वाक्य दोरीचं आहे, ‘आय हॅव बीन वर्किंग ऑन धिस फॉर टू वीक्स’. दुसऱ्यात हॅडला टेकायला काही नाही, ‘आय सेंट द फर्स्ट ड्राफ्ट ऑन मंडे’. तिसऱ्यात येस्टरडे आहे म्हणून हॅव नाही, ‘आय स्पोक’. शेवटचं पानगळ दादांचं, ‘ती पाठवली की मी पुढे पाठवतो’, म्हणजे ‘व्हेन शी सेंड्स देम, आय विल फॉरवर्ड देम टू यू’. ‘फॉरवर्ड करतो’ हे पण ‘मी बघतो’ सारखंच ना, म्हणून विल.

‘शी टोल्ड’ वालं मला जमलं नाही.

शब्दखूण

सायंतारा, शाब्बास! चार वाक्यांतली चारही बरोबर पकडलीस, मला खूप आनंद झाला.

‘शी टोल्ड’मध्ये दोन गोष्टी आहेत. पहिली टेन्सची नाही, टोल्डला कुणाला ते सांगावं लागतं, ‘शी टोल्ड मी’, नाहीतर ‘शी सेड’. दुसरी विलची. मराठीत आपण दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं ठेवतो, ‘ती म्हणाली मी शुक्रवारपर्यंत करते’. ‘मी’ सुद्धा तिचाच ठेवतो, किती छान सोय आहे. इंग्रजीत सेड म्हटलं की तुम्ही कालच्या दिवशी जाऊन उभे राहिलात, म्हणून पुढचं सगळं एक पायरी मागे सरकतं, विलचं वुड होतं, ‘शी सेड शी वुड फिनिश द पिक्चर्स बाय फ्रायडे’. शुक्रवार अजून यायचाय आणि तिचा शब्द अजून कायम आहे असं सांगायचं असेल तर ‘विल’ ठेवलं तरी चालतं. पण शुक्रवार उलटून गेला असेल तर वुडच.

निळाशार

आणि यात बारीक खुबी आहे. वुड लिहिलं की तुम्ही तिचा शब्द पोचवताय, जबाबदारी तिची. विल लिहिलं की त्यात तुमचीही थोडी खात्री मिसळते. ऑफिसच्या मेलमध्ये मी हे फार जपून लिहितो.

वाटसरू

गोष्ट लिहिणाऱ्यांसाठी पण एक. मी इंग्रजीत लहानसहान गोष्टी लिहितो, आणि मला एका वाचकाने दाखवून दिलं की मी एकाच परिच्छेदात काळ तीनदा बदलला होता. मराठीत आपण सांगतो ना, ‘मी दार उघडलं, आत शिरतो, बघतो तर काय, खोलीत कुणीच नाही’. उघडलं भूतकाळ, शिरतो-बघतो वर्तमान, आणि ऐकणाऱ्याला काही खटकत नाही, उलट तो पुढे सरसावतो. इंग्रजी बोलण्यात हे चालतं पण कागदावर वाचणारा अडखळतो. आता मी पहिल्या ओळीआधी ठरवतो की ही गोष्ट वॉजमध्ये सांगायची की इजमध्ये, आणि लिहून झाल्यावर फक्त व्हर्ब्ज खाली रेघा मारून परत वाचतो, बाकी काही वाचत नाही. शेवटच्या गोष्टीत अशा सात जागा सापडल्या.

वळणवाट

हे व्हर्ब्जखाली रेघा मारून वाचणं मी मीटिंगच्या नोट्सवर करून बघणार. बातम्यांचं पण मला आता उलगडलं. हेडलाइनमध्ये साधा वर्तमान, ‘मिनिस्टर रिझाइन्स’. पहिल्या वाक्यात हॅव, ‘द मिनिस्टर हॅज रिझाइन्ड’, म्हणजे आज उभं राहून बातमी दिली. आणि मग तपशील सुरू झाला की सगळं साधा भूतकाळ, ‘ही हँडेड ओव्हर द लेटर ॲट नून’. तीन ओळींत तीन काळ, आणि मी इतकी वर्षं ते वाचत होते पण बघत नव्हते.

अर्धविराम

मेल दुरुस्त करून पाठवला. सायंतारा आणि शब्दखूण ताई, तुमची वाक्यं जशीच्या तशी घेतली. अर्जातलं हॅवही काढलं.

एक शेवटचं विचारतो. त्या बाईंनी उत्तर लगेच दिलं आणि शेवटी लिहिलंय, ‘आय वॉज होपिंग वी कुड टॉक टुमॉरो.’ होपिंग होत्या म्हणजे आता आशा नाही का त्यांना? मी उशीर केला म्हणून रागावल्या असतील का?

काजवा

नाही हो, अजिबात नाही. इथे वॉज काळासाठी आलेला नाही, तो अदबीसाठी आलाय. ‘आय ॲम होपिंग’ म्हटलं तर आशा तुमच्या समोर येऊन बसते, नाही म्हणायला अवघड जातं. ‘वॉज’ने त्यांनी ती एक पाऊल मागे ठेवली, म्हणजे तुम्हाला जमत नसेल तर सहज नाही म्हणता यावं. आपण नाही का म्हणत, ‘एक विचारायचं होतं’. होतं म्हणतो, पण विचारायचं आत्ताच असतं.

त्यांना उद्या बोलायचंय. ‘आय ॲम फ्री टुमॉरो’ लिहा आणि वेळ कळवा.